काचवाल्या मॅडमचं झाकलेलं मशीन

माणसाच्या हातात काच द्यायच्या आधी त्याच्या अंगावरचं कापड चुरगाळून बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. साडीचा पदर असो, ओढणी असो, नाहीतर एखाद्या साहेबाच्या शर्टाची बाही असो, मॅडम सरळ मुठीत धरायच्या, चुरगाळायच्या आणि सोडायच्या. सुरकुती राहिली तर सुती, माणूस आत. सुरकुती राहिली नाही तर नायलॉन, माणूस बाहेर. माझी पहिल्या दिवशीची साडी बाहेर गेली. मी वर जाऊन ड्रेस घालून आले, तर ओढणी बाहेर गेली. शेवटी त्यांनीच त्यांची एक जुनी सुती साडी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. मग एक बोट वर करून म्हणाल्या, "पुन्हा सांगते," आणि तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं.

हे "पुन्हा सांगते" त्यांच्या जिभेवर कायमचं होतं. सगळी नोकरी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. एकदा सांगितलेलं पोरांच्या कानावर पडतं, डोक्यात जात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, सवय राहिली. मग भाजीवालीला, गॅसवाल्याला, माझ्यासारख्या भाडेकरणीला, सगळ्यांना सगळं दोनदा ऐकावं लागायचं. पाण्याची मोटर सातला सुरू होते. पुन्हा सांगते, पाण्याची मोटर सातला सुरू होते. पहिल्या महिन्यात मला वाटलं, आपण घर बदलावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. करोनाची साथ ओसरल्यावर माझी बदली कोल्हारला झाली आणि मॅडमच्या घराची वरची खोली मिळाली. खाली पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली स्वच्छ पुसलेलं रिकामं टेबल. त्या टेबलावर काहीच ठेवायचं नाही, चहाचा कपसुद्धा नाही. मागच्या खोलीत मात्र सगळा पसारा काचेचा. तूरडाळ, साखर, रवा असं लिहिलेल्या स्टीलच्या डब्यांत रंगाप्रमाणे निवडलेल्या बांगड्या, फुटक्या बाटल्यांचे गळे, काचेच्या कांड्या. त्यांचे आईवडील शेवगावकडचे, दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. मॅडम वसतिगृहात राहून शिकल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ झाला नाही." हे वाक्य मात्र त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या वाकवता वाकवता त्यांना तो नाद लागला होता. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, मॅडमनी टॉर्च घेतला. टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे, टेबलाला घट्ट आवळलेली पितळी नळी. तिच्या तोंडातून गॅसची ज्योत निघते, त्या ज्योतीत काचेची कांडी धरायची, काच मऊ होऊन मधासारखी ओघळायला लागली की ती पोलादी काडीवर गुंडाळायची आणि काडी फिरवत राहायची. झाला मणी. ऐकायला सोपं आहे. माझा पहिला मणी बटाट्यासारखा झाला होता. मॅडमनी तो हातात घेऊन सगळीकडून बघितला आणि "चांगला आहे, पण कशाचा आहे?" असं विचारलं.

मॅडम गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं. मी सध्या काष्टीच्या शाळेवर आहे. कोल्हारचं कुणी भेटलं की त्यांचा विषय निघतोच, आणि मग लोक हळहळतात, की शेवटी शेवटी मॅडमनी शिकवणं बंद केलं, वय झालं होतं, डोळे गेले होते. वय झालं होतं हे खरं, पण डोळे शाबूत होते. शिकवणं बंद केलं ते त्या डोळ्यांपायीच, असं म्हटलं तरी चालेल.

नवशिक्याला त्या पहिल्या दिवशी टॉर्च पेटवूच द्यायच्या नाहीत. आधी काच निवडायची. काच दोन जातींची, त्या म्हणायच्या. एक मऊ, बांगडीची, बाटलीची. ती लवकर वितळते, चुका पोटात घालते. दुसरी कडक, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची. ती आगीला दाद देत नाही, तिला साध्या गॅसची ज्योत पुरत नाही, ऑक्सिजन जोडावा लागतो. नवशिक्यानं मऊच घ्यायची. फिरोजाबादहून येणाऱ्या कांड्या, एक पांढरी, एक पारदर्शक, बस. लोक लाल मागायचे, सोनेरी मागायचे. मॅडम म्हणायच्या, आधी गोल करून दाखवा, मग रंगाचं बघू.

टॉर्चचंही तसंच. नवशिक्याला छोटाच, एका सिलिंडरवर चालणारा, हवा आपली आपण ओढून घेणारा. सिलिंडर भिंतीच्या बाहेर, नळी लांब, खिडकी उघडी, पायाशी पाण्याची बादली. ज्योत तोंडापासून लांब रोखलेली. काडीसाठी त्या सायकलचे स्पोक कापून वापरायच्या, त्यावर चिनी मातीचा लेप, म्हणजे मणी थंड झाल्यावर सुटून यावा. आणि तयार मणी लगेच बाहेर काढायचा नाही, गरम राखेच्या कढईत पुरून ठेवायचा. मी घाईघाईनं राख उकरली की माझ्या हातावर चमचा बसायचा. शाळेत मी पोरांना अजून एक फटका दिला नाही, आणि इथं चाळिशीत मी मार खात होते.

त्यांचा आणखी एक प्रकार होता, त्याला गल्लीत सोयरीक बघणं म्हणायचे. कुणी नवीन काच आणली, समजा एखादी हिरवी बाटली, तर मॅडम ती लगेच वापरायच्या नाहीत. तिचा तुकडा आणि आपल्याकडच्या काचेचा तुकडा शेजारी शेजारी वितळवायच्या, एकमेकांना चिकटवायच्या आणि दोन्ही मिळून एक लांब दोरा ओढायच्या. दोरा थंड झाला की बघायचं. सरळ राहिला तर दोन्ही काचा सारख्याच आकसतात, खुशाल एका मण्यात घाला. वाकला तर एक जास्त आकसते, एक कमी. मणी आज छान दिसेल आणि चार दिवसांनी डब्यात पडल्या पडल्या तडकेल. दोरा वाकला की मॅडम डोकं हलवून "नाही जमत" म्हणायच्या आणि बाटली बाजूला ठेवायच्या. स्वतः लग्न न केलेल्या बाईनं इतक्या सोयरिकी मोडल्या असतील की मोजदाद नाही.

राहुरीचा एक इंजिनियर यायचा. मोबाईलवर बघून बघून त्यानं परदेशी टॉर्च मागवला होता, कडक काचेच्या कांड्या मागवल्या होत्या, आणि बायकोच्या वाढदिवसाला मणी करायचा म्हणून कडक काचेवर तिच्या आवडीच्या बांगडीचा निळा रंग चढवला होता. मॅडमनी सांगितलं, जमणार नाही. पुन्हा सांगितलं, जमणार नाही. तो म्हणाला, मॅडम, किती सुंदर झालाय बघा. रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि मोटरसायकलवर निघाला. वाटेत एका चौकात चहाला थांबला तेव्हा खिशात नुसते तुकडे. तिथूनच त्यानं फोन केला. मॅडमनी फोन कानाला लावून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रुमाल झटकून टाका, बोटाला लागेल.

काम करताना त्या जांभळट काचांचा चष्मा लावायच्या. काच तापली की ज्योतीत पिवळा भडका दिसतो, त्यापुढं काहीच दिसत नाही. त्या चष्म्यानं काचेचा तो भडका तेवढा नाहीसा होतो, ज्योतीचा स्वतःचा पिवळा दिसतच राहतो, आणि काच स्वच्छ दिसते. तोच चष्मा घालून त्या विसरून बाजारात जायच्या. एकदा त्यांनी भाजीवालीशी टोमॅटोच्या रंगावरून वाद घातला होता, मी मध्ये पडून चष्मा काढायला लावला. चष्मा काढला, टोमॅटो बघितले, आणि न लाजता म्हणाल्या, आता बरोबर आहेत.

ज्योत वाचणं हा त्यांचा खरा नाद. प्रत्येकाला टॉर्चसमोर बसवायच्या आणि विचारायच्या, काय दिसतं? आग दिसते, असं उत्तर दिलं की संपलं. मुळाशी निळे सुळके आहेत का, ते आखूड आहेत की लांब, टोकदार आहेत की मऊ, शेंड्याला पिवळं आहे का, आवाज सुसाट आहे की दबका. सुळके आखूड आणि टोकदार म्हणजे ऑक्सिजन भरपूर. सुळके लांबलेले, मऊ, शेंडा पिवळा म्हणजे ऑक्सिजन कमी. मला हे ओळखायला बरेच महिने लागले. मॅडमना ते दारातून आत येता येता दिसायचं.

मात्र आमच्या टॉर्चला हवेतला होता तेवढाच, वेगळा जोडलेला ऑक्सिजन नव्हताच. म्हणजे खोलीत मशीन होतं, कोपऱ्यात, हवेतून ऑक्सिजन काढणारं, साथीत घराघरांत दिसायचं तसलं. त्यावर जुनी चादर टाकलेली. मॅडमचा मोठा टॉर्चही फळीवर गुंडाळून ठेवलेला. तो का वापरत नाही विचारलं की म्हणायच्या, नवशिक्याला लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही कुठं नवशिक्या आहात? तर त्या चहा ठेवायला उठल्या.

त्या मशीनची गोष्ट मला गल्लीनं सांगितली. ते मॅडमनी काचेसाठीच घेतलं होतं, साथीच्या आधी, पुण्यात एका दवाखान्याच्या मोडीतून. आणून दिलं होतं समोरच्या दत्तूनं, आपल्या टेम्पोत घालून. मग दुसऱ्या लाटेत दत्तूच आजारी पडला. कुठं बेड नाही, कुठं सिलिंडर नाही, आणि मॅडमनी काही न बोलता मशीन त्याच्या घरी दिलं. दत्तू वाचला नाही. पण मॅडमनी आपली वस्तू दिली, अशा वेळी सख्खा भाऊ देत नाही, असं सगळे अजून सांगायचे. दुकानात गेले की माझ्याकडं बघून कुणीतरी म्हणणारच, मॅडमच्या घरी राहता ना, देवमाणूस हाय.

मॅडम समोर असल्या आणि हा विषय निघाला की त्या ताबडतोब उठायच्या. दूध उतू जातंय असं सांगून गॅस बंद असलेल्या स्वयंपाकघरात जायच्या. एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात गल्लीतल्या बायकांनी त्यांचा सत्कार ठरवला. शाल आणली, फुलं आणली, माइकवर नाव पुकारलं, आणि मॅडम सकाळच्या एसटीनं शेवगावला बहिणीकडं निघून गेलेल्या. लोक हसले. विक्षिप्तच हायेत, म्हणाले. मीही हसले. तेव्हा मला वाटलं, बाईला कौतुक सोसत नाही.

मग मंगल शिकायला आली. मंगल म्हणजे दत्तूची बायको. टेम्पो विकून झाला होता, ती रोजानं खुरपायला जायची, आणि कंबर धरायला लागली होती. घरात बसून करता येईल असं काम हवं होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा मी तिथंच होते. म्हणाली, "मॅडम, मला बी शिकवा की. मनी करून इकीन."

मॅडमनी तिचा पदर चुरगाळला नाही. हे माझ्या लक्षात राहिलं आहे. तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि कितीतरी वेळ कांड्या इकडच्या तिकडं करत राहिल्या.

मंगल आमच्या सगळ्यांत पुढं गेली. तिचा हात थरथरायचा नाही, घाई नव्हती. दोन महिन्यांत तिचे मणी एका मापाचे यायला लागले, चार महिन्यांत ती ज्योत वाचायला लागली. मॅडम तिला शिकवताना वेगळ्याच व्हायच्या. चमचा नाही, टोमणा नाही. तिच्यासाठी कांड्या निवडून ठेवायच्या, तिच्या मण्यांची राख स्वतः चाळायच्या. तिचा मणी उजेडात धरून बघायच्या आणि न बोलता परत द्यायच्या. आम्ही बाकीच्या चिडायचो, खोटं कशाला सांगू.

संगमनेरच्या एका दुकानदाराला तिचे मणी आवडले. त्याला कडक काचेचे हवे होते, पाण्यासारखे स्वच्छ, माळांसाठी, आणि दर महिन्याला हवे होते. ते जमलं असतं तर मंगलचं खुरपं सुटलं असतं. पण कडक काचेला ऑक्सिजन लागतो. ती सहज म्हणाली, मॅडम, ते मशीन लावा की.

मॅडम म्हणाल्या, त्याची वायर उंदरांनी खाल्ली आहे. मंगल दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, नळी कडक झाली आहे, फुटेल. मंगल श्रीरामपूरहून नळी घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, घराच्या मीटरला तेवढा भार झेपणार नाही. मंगल म्हणाली, "मॅडम, आमच्या मीटरला झेपला हुता की. चार दिस चाललं हुतं ते." मॅडमनी तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला.

मला राग आला होता. मी सरळ खाली गेले आणि विचारलं, तिच्या पोटाचा प्रश्न आहे, तुम्ही मशीन अडवून का बसला आहात? दुपारची वेळ होती. मॅडम शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, बस. 

त्यांनी जे सांगितलं ते असं. ते मशीन पहिल्यापासून अधू होतं. त्यातले ऑक्सिजन गाळणारे दाणे दवाखान्यातच दमट झालेले, म्हणून तर मोडीत निघालेलं. हिरवा दिवा लागायचा, घरघर करायचं, वरचा काटा बरोबर आकडा दाखवायचा. पण मोठ्या टॉर्चला लावलं की सुळके लांबायचे, शेंडा पिवळा पडायचा. मऊ काचेला कसंबसं पुरायचं, कडक काच वितळायची नाही. दत्तू आजारी पडला तेव्हा त्याचा भाऊ मशीन मागायला आला. मॅडम म्हणाल्या, यात जोर नाही, माणसाला पुरणार नाही. समोरच्या घराच्या खिडकीतून दत्तू स्वतः ऐकत होता. भाऊ म्हणाला, "मॅडम, द्यायचं नसंल तर तसं सांगा."

"मला ते लागलं," मॅडम म्हणाल्या. "मी मशीन उचलून दिलं. वर्गात मी मिठाचं सूत्रसुद्धा दोनदा सांगायचे. पोरं कंटाळायची तरी सांगायचे. आणि त्या दिवशी मी एकदाच सांगितलं. टॉर्च लावून त्यांना ज्योत दाखवली असती तर पाच मिनिटं लागली असती."

मी म्हटलं, बेड कुठं होते तेव्हा, तुम्ही काय करणार होता? मॅडमनी मान वर केली. नगरला एका ओळखीच्या माणसानं दत्तूसाठी बेड मिळवला होता, त्या म्हणाल्या. मशीन घरी आलं, बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा थोडा वाढला, सगळ्यांना धीर आला, आणि त्यांनी तो बेड सोडून दिला. हे मॅडमना नंतर कळलं, दत्तू गेल्यावर, भेटायला आलेल्या बायकांच्या बोलण्यातून. त्याच बायका त्यांच्या पाया पडत होत्या.

मंगलला मशीन द्यायला त्या का तयार नव्हत्या, ते आता मला समजलं. कडक काच त्याच्यावर होणार नाही, हे खरं कारण होतं, आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. मंगल आता ज्योत वाचत होती. मॅडमनीच तिला वाचायला शिकवलं होतं. मी म्हणाले, मग सांगू नका, मोडीत टाका ते मशीन, आपण दुसरं बघू. मॅडम म्हणाल्या, तिला दुसरं मिळेलही, पण ती रोज मला देवमाणूस समजून माझ्यासमोर बसते, तिच्या घरचं ताक मला आणून देते. ते ताक माझ्या घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चादर काढली. मोठा टॉर्च फळीवरून उतरवून टेबलाला आवळला. मंगल आल्यावर तिला खुर्चीत बसवलं. आणखी दोघी-तिघी होत्या, त्यांना मॅडमनी घरी पाठवलं, मला थांबायला सांगितलं. गॅस सुरू केला, पेटवला, मग मशीनचं बटण दाबलं. ते घरघरायला लागलं, हिरवा दिवा लागला. तो आवाज ऐकून मंगलनं डोळे मिटून घेतले. मग पदरानं डोळे पुसले आणि चष्मा लावला. मॅडमनी ऑक्सिजनची चावी पूर्ण उघडली.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं, सगळ्यांना विचारायच्या तसंच.

मंगल ज्योतीकडं बघत राहिली. चावी थोडी बंद केली, परत उघडली. गॅस कमी करून बघितला. तिला वाटलं असावं, आपलंच काही चुकतंय. मग म्हणाली, "सुळके लांब हायेत. मऊ हायेत. शेंडा पिवळा." कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, "ऑक्सिजन कमी पडतोय, मॅडम."

मॅडमनी मान डोलावली.

"हे आता बिघडलंय का तवापासूनच असं हाय?"

"तेव्हापासून," मॅडम म्हणाल्या. "आधीपासूनच. मला माहीत होतं. दत्तूला आणि त्याच्या भावाला मी सांगितलं होतं. एकदाच सांगितलं."

मशीन घरघरत होतं. मंगलनं आधी ऑक्सिजन बंद केला, मग गॅस, शिकवलेल्या क्रमानंच. ज्योत विझली. चष्मा काढून तिनं घडी घातली.

"आमच्या मालकांनी मला सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मॅडम म्हनत्यात जोर न्हाई, आपुन नगरला जाऊ. मीच म्हनले, बाईंना द्यायचं नसंल म्हून म्हनत असतील. आकडा वाढला तवा मीच म्हनले, बेड सोडा, तिथं एकलं कुठं पडायचं. येवढे दिस वाटायचं, मशीन तरी चांगलं गावलं हुतं, आपल्या हातनं काय कमी न्हाई झालं." तिनं मशीनकडं बघितलं. "आता ते बी न्हाई ऱ्हायलं."

आणि ती गेली. चप्पल घालताना तिनं मॅडमना "येते" म्हटलं, रोज म्हणायची तसं.

मॅडम त्या खुर्चीत बसल्या. मी मशीन बंद केलं. मॅडम म्हणाल्या, तिच्याजवळ तेवढं एकच होतं, आणि ते मी घेतलं. मी म्हटलं, तुम्ही खरं सांगितलंत. त्या म्हणाल्या, खरं सांगायची वेळ वेगळी होती.

मंगल परत आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. ती पुन्हा खुरपायला जाऊ लागली होती. मॅडमनी मला तिच्याकडं पाठवलं, तिचे राखेतले मणी घेऊन. मंगल भाकरी थापत होती. मणी घेतले, चहा केला, माझ्या शाळेची चौकशी केली. संगमनेरच्या दुकानदाराला तिनं नाही म्हणून कळवलं होतं. मी म्हटलं, दुसरं मशीन मिळेल, मॅडम आणून द्यायला तयार आहेत. ती म्हणाली, मशीनचं न्हाई. पुढं म्हणाली, "म्या शिकले नसते तर मला ज्योत दिसली नसती. आता चुलीकडं बी बघितलं की तेच दिसतं." मॅडमवर राग आहे का, मी विचारलं. तिनं भाकरी उलटली आणि मान हलवली. नाही. राग कशाचा, ती म्हणाली, त्यांनी तर सांगितलं हुतं.

मी परत आले तेव्हा मॅडम ओट्यावर वाट बघत होत्या. टॉर्चची खोली त्यांनी बंद केली होती. बाकीच्या बायकांना निरोप गेला होता, वर्ग नाही. मला त्यांनी बसूही दिलं नाही, काय म्हणाली ते विचारलं. चुलीचं मी गाळलं. रागावलेली नाही, एवढंच सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

मॅडमनी समोर मंगलच्या दाराकडं बघितलं.

"रागावली असती तर मी रोज जाऊन तिच्या दारात बसले असते," त्या म्हणाल्या. "आता कशासाठी जाऊ?"